ब्राझीलमध्ये पल्प महागला म्हणून दिवाळी अंकाचा कागद महाग? थोडं खरं, थोडं अर्धवट

नमस्कार. बाकीच्या वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही सांगलीहून दिवाळी अंक काढता. १९२ पानं, दोन हजार प्रती. छापखान्याने कळवलंय की मॅपलिथो, म्हणजे आतल्या पानांचा पांढरा छपाईचा कागद, किलोमागे दहा रुपयांनी वाढला, कारण ब्राझीलमध्ये पल्प, म्हणजे कागदासाठीचा लाकडाचा लगदा, महागला. तुमचं म्हणणं, रद्दीवाला तर घरची रद्दी गेल्या वर्षीपेक्षा कमी भावाने नेतोय, देशात पेपर मिल ढिगाने आहेत, मग सांगलीच्या कागदात ब्राझील आलं कुठून? छापखानेवाला टोपी घालतोय का? आणि कागद आत्ताच भरून ठेवावा का?

मी सुरुवातीची वर्षं एका मिलच्या खरेदी खात्यात पल्प आणि रद्दी घेण्यात घालवली. नंतर कागदाच्या व्यापारात आलो. त्यामुळे मिलवाले काय कारणं देतात आणि छापखाने काय देतात, दोन्ही बऱ्यापैकी तोंडपाठ आहेत. तुमच्या छापखानेवाल्यावर लगेच संशय घेऊ नका, पण त्याचं कारण जसंच्या तसं गिळूही नका. ब्राझीलच्या पल्पाचा सांगलीच्या कागदाशी संबंध आहे, फक्त तो आडवळणाने येतो आणि उशिरा पोचतो. शिवाय तुमच्या अंकाचं गणित मांडलं तर दहा रुपयांची वाढ वाटते तेवढी मोठी निघत नाही. तुमच्याच हातात असलेल्या एक-दोन गोष्टी तिच्याहून मोठ्या आहेत. त्या शेवटी सांगतो, कारण आधीचं कळल्याशिवाय त्या पटायच्या नाहीत.

एक आधीच कबूल करतो. तुमचा कागद कुठल्या मिलचा, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि निम्मं उत्तर त्यावर अवलंबून आहे. आपल्याकडे कागद तीन वाटांनी होतो: लाकडापासून, शेतातल्या उरल्यासुरल्या मालापासून आणि रद्दीपासून. देशाच्या एकूण उत्पादनातला ढोबळमानाने तीन चतुर्थांश माल रद्दीवर चालतो. पण त्यात खोक्यांचा क्राफ्ट, मिठाईच्या डब्यांचा डुप्लेक्स, वर्तमानपत्राचा कागद असं सगळं आलं. चांगला मॅपलिथो बहुतेक लाकडाच्या नाहीतर चिपाड-काडाच्या मिलमधून येतो. तुमच्या भागाला जवळची म्हणजे दांडेलीची वेस्ट कोस्ट. मग राजमहेंद्रीची आंध्र पेपर, ओडिशात रायगडा आणि गुजरातेत सोनगड इथली जेके, भद्राचलमची आयटीसी. या सगळ्या लाकडावरच्या. तमिळनाडूतली टीएनपीएल उसाच्या चिपाडावर उभी राहिली: साखर कारखान्याला वाफ-इंधन द्यायचं आणि बदल्यात चिपाड उचलायचं. पंजाबात मुक्तसरची सतिया आणि बर्नाल्याची ट्रायडंट गव्हाच्या काडावर. आपली बल्लारपूरची मिल विदर्भातल्या बांबूवर वाढली. आणि पुणे-सोलापूर रस्त्यावर भिगवणला जी मिल आहे तिची गोष्ट वेगळीच. ती आर्ट पेपर, म्हणजे कोटेड कागद करण्यासाठी उभारलेली. पल्प स्वतः करायचा नाही, बाहेरून आणायचा, असंच तिचं बांधकाम.

तेव्हा तुमच्या अंकाच्या रंगीत पानांचा आर्ट पेपर विकतच्या पल्पावर चालणाऱ्या मिलचा असेल, तर ब्राझीलच्या दराचा त्याच्याशी थेट संबंध. आतला मॅपलिथो लाकडाच्या मिलचा असेल, तर त्याचा खरा खर्च आंध्र-तेलंगणातल्या सुबाभूळ, निलगिरी आणि सुरूच्या भावावर ठरतो. हे लाकूड जंगलातलं नसतं, शेतकऱ्यांनी लावलेलं असतं. १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने उद्योगांनी आपला कच्चा माल शेतकऱ्यांकडून लावून घ्यावा असं ठरवलं आणि मिलनी रोपं वाटायला सुरुवात केली. कोविडच्या काळात शाळा बंद, छपाई बंद, लाकडाला उठाव नाही. शेतकऱ्याने लागवड आखडती घेतली. लावल्यापासून तोडीला तीन-चार वर्षं जातात, त्यामुळे तेव्हाची तूट २०२३-२४ मध्ये मिलच्या फाटकावर येऊन उभी राहिली आणि लाकडाचे भाव भडकले. चिपाडाचंही तसंच. कारखाने आता चिपाड जाळून वीज करतात आणि विकतात. कागदवाल्याला चिपाड हवं असेल तर विजेच्या दराशी स्पर्धा करावी लागते.

म्हणजे दांडेलीच्या कागदात ब्राझीलचा पल्प नसेल, तरीही दरावर ब्राझीलची सावली पडते. कशी, ते बघू.

जगात वर्षाला चाळीस कोटी टनांहून जास्त कागद आणि पुठ्ठा तयार होतो. बऱ्याच मोठ्या मिल आपला पल्प आपणच करतात आणि आपणच वापरतात. जो पल्प गठ्ठे बांधून विकायला काढतात त्याला मार्केट पल्प म्हणतात. तो एकूण पल्पाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असेल. ज्यांनी कधी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: जाड टीपकागदासारखे पांढरेशुभ्र तक्ते, एकावर एक रचून तारेने आवळलेले, एकेक गठ्ठा अडीचशे किलोचा. आठ गठ्ठे एकत्र बांधून दोन टनांचं युनिट करतात आणि क्रेनने तसंच्या तसं जहाजात सोडतात. मिलमध्ये आल्यावर तारा तोडायच्या आणि गठ्ठा पाण्याच्या मोठ्या पल्परमध्ये टाकायचा. काही मिनिटांत त्याची पेज होते.

या पल्पाच्या दोन जाती लक्षात ठेवा. निलगिरीसारख्या झाडांचा तंतू आखूड, जेमतेम एक मिलिमीटर. त्याने कागद गुळगुळीत होतो आणि मागची छपाई कमी दिसते. पाइन-स्प्रूससारख्या सूचिपर्णी झाडांचा तंतू लांब, दोन-अडीच ते साडेतीन मिलिमीटर. त्याने कागदाला ताकद येते, मशिनवर तो तुटत नाही. पहिली जात मुख्यतः ब्राझील, उरुग्वे, चिली, इंडोनेशियातून येते. दुसरी फिनलंड, स्वीडन, कॅनडा, अमेरिकेतून. लाकडाच्या भारतीय मिलनासुद्धा ताकदीसाठी काही मालात थोडा लांब तंतू बाहेरून घ्यावा लागतो.

ब्राझील या धंद्यात एवढं पुढे का गेलं? निलगिरी तिथे सहा-सात वर्षांत तोडीला येते. फिनलंडच्या जंगलात तोडीसाठी साठ वर्षं आणि त्याहून जास्त थांबतात. बाकी सगळं त्यातूनच आलं. सुझानो कंपनीने २०२४ मध्ये माटो ग्रोसो दो सुल राज्यात रिबास दो रिओ पार्दो इथे जी मिल सुरू केली तिची क्षमता वर्षाला साडेपंचवीस लाख टन आहे. ही एकच मिल वजनाने आपल्या अख्ख्या देशातल्या वर्षभराच्या कागदाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढा पल्प काढते. त्याच्या आदल्या वर्षी फिनलंडच्याच यूपीएमने उरुग्वेत पासो दे लोस तोरोस इथे एकवीस लाख टनांची मिल चालू केली. फिनिश कंपनी पल्प करायला दक्षिण अमेरिकेत जाते, यावरूनच वारा कुठे वाहतोय ते कळतं.

आता या अजस्र मिलचा एक स्वभाव. लाकडाचे तुकडे कॉस्टिक आणि सोडियम सल्फाइडच्या पाण्यात दाबाखाली शिजवतात. निम्म्याहून कमी वजन पल्प म्हणून हाती लागतं. राहिलेलं काळं पाणी, ज्याला ब्लॅक लिकर म्हणतात, ते आटवून बॉयलरमध्ये जाळतात. त्यातून वाफ आणि वीज मिळते, रसायनंही बरीचशी परत मिळतात. नव्या मिल तर उरलेली वीज विकतात. म्हणजे चालवायचा खर्च कमी, पण उभारणीला अब्जावधी डॉलर. एवढं कर्ज डोक्यावर असताना भाव पडला म्हणून मिल कोण बंद ठेवणार? चालूच ठेवतात. मग माल जास्त होतो, भाव आणखी पडतो, आणि जुन्या, महागड्या मिलना कुलूप लागलं की पुन्हा वर उसळतो. चीनमध्ये पोचता निलगिरीच्या पल्पाचा भाव २०२२ मध्ये टनाला साडेआठशे डॉलरच्या आसपास होता. २०२३ च्या मध्यापर्यंत तो पाचशेच्या आसपास घसरला. वर्षभरात एवढी पडझड. चीनचं नाव घेतलं कारण बाजारातल्या पल्पाचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक तोच. शांघायच्या वायदेबाजारात २०१८ पासून लांब तंतूच्या पल्पाचे सौदे होतात. दांडगे व्यापारी रोज सकाळी तो भाव बघतात. तुम्ही बघू नका, उगाच रक्तदाब वाढेल.

लांब तंतूचं गणित तर आणखी गमतीचं आहे. उत्तर अमेरिकेत हा पल्प मोठ्या प्रमाणात लाकूड-वखारींच्या उरलेल्या तुकड्यांतून होतो. अमेरिकेत व्याजदर चढून घरबांधणी मंदावली की फळ्यांची मागणी घटते, सॉ मिल शिफ्ट कमी करतात, तुकडे मिळेनासे होतात आणि पल्प मिल अडचणीत येते. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात तर कीड आणि वणव्यांनी जंगलंच खंगली. तिथल्या प्रिन्स जॉर्जमधली पल्पची एक लाइन कॅनफर कंपनीने २०२३ मध्ये कायमची बंद केली, कारण लाकूडच पुरेना. अमेरिकेतले व्याजदर आणि तुमचा अंक यांच्यात असा एक धागा आहे, बारीक असला तरी.

मग लाकडाच्या भारतीय मिलवर याचा परिणाम कसा होतो? आयातीमुळे. इंडोनेशियासारख्या आसियान देशांतून व्यापार करारामुळे कागद शून्य सीमाशुल्काने येतो. पल्प जगात स्वस्त झाला की तिकडचा कागदही स्वस्त होतो आणि न्हावा शेवा, मुंद्र्याला उतरायला लागतो. तेव्हा आपल्या मिलचं लाकूड कितीही महाग असो, तिला भाव वाढवता येत नाहीत. पल्प महागला की आयात आटते आणि मिलना मोकळं रान मिळतं. म्हणजे ब्राझीलचा पल्प महागला या बातमीचा अर्थ बऱ्याचदा एवढाच असतो: आपल्या मिलना दर वाढवायची संधी मिळाली. खर्च वाढला म्हणून दर वाढले असं प्रत्येक वेळी नसतं. रुपया घसरला तरी हेच होतं.

२०२२ मध्ये सगळी संकटं एकाच वेळी आली. १ जानेवारीपासून फिनलंडमध्ये यूपीएमच्या मिलमधले कामगार संपावर गेले ते थेट २२ एप्रिलपर्यंत. मध्येच फेब्रुवारीत युक्रेनचं युद्ध पेटलं आणि रशियातून येणारा वर्तमानपत्राचा कागद अडकला. त्याआधीच्या दोन वर्षांत छपाईच्या कागदाची मागणी पडल्यामुळे युरोपातल्या कितीतरी मशिन बंद झाल्या होत्या, नाहीतर पुठ्ठ्याकडे वळवल्या होत्या. फिनलंडमधली कायपोलाची वर्तमानपत्र-कागदाची मिल २०२० च्या अखेरीस बंद झाली. स्टोरा एन्सोने औलूची आर्ट पेपरची मिल खोक्याच्या क्राफ्टला लावली. आणि नेमक्या त्याच वेळी आपल्याकडे शाळा उघडल्या, वह्या-पुस्तकांची मागणी एकदम आली, तर डीलरांची गोडाऊनं रिकामी. त्या उन्हाळ्यात आगाऊ पैसे भरूनही माल मिळत नव्हता, भाव विचारला तर 'गाडी आल्यावर बोलू' असं उत्तर यायचं. तुमचा छापखानेवाला त्या वर्षी भाजलेला असेल तर दरवाढीची नुसती कुणकुण लागली तरी तो तुम्हाला आधीच सांगून ठेवणार. त्यात लबाडी असेलच असं नाही.

आता रद्दी. घरच्या वर्तमानपत्रांचा भाव पडला आणि मॅपलिथो वाढला, यात विसंगती काही नाही, कारण या दोन वेगळ्या बाजारपेठा आहेत. वर्तमानपत्राची रद्दी जाते वर्तमानपत्राच्याच कागदाला, डुप्लेक्स बोर्डाच्या करड्या थराला, अंड्यांच्या ट्रेला. त्यातला तंतू कमजोर, शाईने माखलेला. त्याचा पांढराशुभ्र मॅपलिथो होत नाही. रद्दीतून छपाईचा कागद करणाऱ्या मिलना ऑफिसातली पांढरी रद्दी, बाइंडिंगची कटिंग असला माल लागतो. तुमच्या छापखान्यात ट्रिमिंगच्या ज्या पांढऱ्या पट्ट्या पडतात ना, त्या रद्दीवाला वर्तमानपत्रापेक्षा बऱ्याच चढ्या भावाने नेतो. विचारून बघा.

पुठ्ठ्याचा बाजार तिसराच. तंतू जितक्या वेळा नव्याने कागद होतो तितका आखूड आणि निर्जीव होत जातो. पाच-सात फेऱ्यांनंतर त्यात दम राहत नाही. आपल्याकडचं खोकं आधीच तीन-चार फेऱ्या फिरलेलं असतं. म्हणून वापी-मोरबीच्या क्राफ्ट मिलना अमेरिकेतली जुनी खोकी लागतात, ती तुलनेने ताज्या तंतूची. हा माल घ्यायचं काम मी केलंय. कंटेनरचं दार उघडलं की आधी गठ्ठ्यात काटा खुपसून ओल बघायची. ठरलेल्यापेक्षा ओल जास्त निघाली तर तेवढं पाणी आपण डॉलर मोजून समुद्रापलीकडून आणलं असा हिशोब. मग प्लॅस्टिक, थर्माकोल, कधी डायपर. त्यावर वाद, फोटो, कपात. चीनने २०१८ पासून असल्या मिसळीच्या रद्दीला दार लावलं आणि २०२१ पासून रद्दीची आयात पूर्णच थांबवली. मग चीनच्या मिलना तंतू हवाच होता, तो त्यांनी तयार क्राफ्टच्या रूपात आपल्याकडून उचलला. त्या काळात आपल्याच खोकेवाल्यांना क्राफ्ट मिळेना. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून यायला लागली, तेव्हाही रद्दीचं भाडं चढलं. पुढची तारीख २१ मे २०२७. त्या दिवसापासून युरोपातली रद्दी, विकसित देशांच्या ओईसीडी गटाबाहेर, फक्त त्यांच्या मान्य यादीतल्या देशांनाच पाठवता येईल, असा युरोपीय संघाचा नवा नियम आहे. खोक्यांच्या धंद्यात कुणी हे वाचत असेल तर ही तारीख लिहून ठेवा. मॅपलिथोवर तिचा थेट परिणाम थोडाच.

परत तुमच्या कागदाकडे. ब्राझीलमध्ये दर जाहीर झाला म्हणून उद्या सांगलीत कागद महाग होत नाही. आधी सौदा, मग जहाजाचा महिना-दीड महिना, मिलमधला साठा, मग मिलचं परिपत्रक: 'अमुक तारखेपासून टनामागे दोन हजार वाढ'. त्यानंतर डीलरच्या गोडाऊनातला जुना माल. माझ्या अनुभवात यात दोन ते चार महिने सहज जातात. अपवाद एकच. मिलना वाढ पटकन लागू करायची असली की त्या छापील दर तसाच ठेवतात आणि रोखीची सूट काढून घेतात, किंवा उधारीचे दिवस कमी करतात. कागदावर दर तोच, खिशाला मात्र वाढ. म्हणून छापखान्याला विचारायचा प्रश्न असा: कुठल्या मिलचा, कुठल्या तारखेचं परिपत्रक, आणि वाढ टनाला किती? दहा रुपये किलो म्हणजे टनाला दहा हजार. एका फटक्यात एवढी वाढ मिल फार क्वचित करते. दोन-तीन परिपत्रकं मिळून झाली असेल, किंवा त्यात करही धरला असेल. हा करच मला इथे दाट शक्यतेचा वाटतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून छपाईच्या कागदावरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला. वह्यांवरचा कर शून्य झाला, आणि वह्यांसाठी जो कागद जातो त्यावरचाही. पण पुस्तक-अंकांच्या कागदाला ती सवलत नाही. पुस्तकं आणि नियतकालिकं करमुक्त असल्यामुळे भरलेला कर तुम्हाला विक्रीतून वळता करून घेता येत नाही, तो सरळ खर्चात जातो. तुम्ही जाहिरातींवर जीएसटी भरत असाल तर त्या प्रमाणात काही क्रेडिट मिळू शकतं. ते तुमच्या सीएला विचारा, मी त्यातला नाही. पण दोन वर्षांची बिलं शेजारी ठेवून कराआधीचा दर ताडून बघा. ऐंशी रुपये किलोचा कागद १२ टक्क्यांनी ८९ रुपये ६० पैशांना पडायचा, १८ टक्क्यांनी ९४ रुपये ४० पैशांना पडतो. दहातले जवळपास पाच रुपये इथेच निघाले, आणि त्यांचा ब्राझीलशी काही संबंध नाही.

आता गणित. दर समजा ऐंशी धरू, तुमचा जो असेल तो घाला. अंक वीस बाय तीस इंची कागदावर छापता असं धरतो, म्हणजे सोळा पानांचा फॉर्म. १९२ पानं म्हणजे प्रतीला बारा ताव. दोन हजार प्रतींना चोवीस हजार ताव, म्हणजे पाचशे तावांची एक अशा अठ्ठेचाळीस रीम. मेकरेडीला, म्हणजे मशिन जुळवताना वाया जाणाऱ्या तावांना, आणि बाकी नासाडीला दोन रीम धरा, झाले पन्नास. रिमचं वजन काढायची रीत: लांबी गुणिले रुंदी इंचांत, गुणिले जीएसएम (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), भागिले ३१००. सत्तर जीएसएमला ते येतं १३.५५ किलो. पन्नास रीम म्हणजे साधारण ६७८ किलो. किलोमागे दहा रुपये वाढ म्हणजे एकूण पावणेसात हजारांच्या आसपास. प्रतीमागे तीन रुपये चाळीस पैसे.

आता तोच अंक साठ जीएसएमवर घ्या. रीम ११.६ किलो, पन्नास रीम ५८० किलो. सत्त्याण्णव किलो कागद वाचला. ऐंशीच्या दराने पावणेआठ हजार रुपये. म्हणजे सगळी दरवाढ गिळून वर हजारभर शिल्लक. अर्थात साठ जीएसएम तुमच्या अंकाला चालेल का, हे अंक कसा आहे त्यावर ठरतं. नुसता मजकूर आणि रेषाचित्रं असतील तर चांगल्या मिलचा साठ उत्तम दिसतो. गडद फोटो असतील तर मागच्या बाजूला सावली दिसेल. अंक हातात जाड वाटायला हवा असेल तर 'हाय बल्क' नॅचरल शेडचा कागद मागा. तेवढ्याच वजनात तो फुगीर असतो आणि डोळ्यालाही मऊ लागतो. कागद वजनावर विकतात आणि वाचक जाडी बघतो. हा फरक वापरून घ्या. किलोचा दर जरा जास्त असतो, तरी बहुतेक वेळा परवडतं.

साठा करावा का? कागदाचा मोसम बघा. जानेवारी ते जून पाठ्यपुस्तकं आणि वह्या. बालभारतीसारख्या संस्थांच्या मोठ्या निविदा, वहीवाल्यांची घाई. तेव्हा मिलचं ऑर्डर बुक भरलेलं असतं आणि तुमच्या सहा-सातशे किलोंना कुणी विचारत नाही. शाळा सुरू झाल्या की जुलै-ऑगस्टात बाजार ढिला पडतो. दिवाळी अंकवाल्यांचं नशीब असं की त्यांची खरेदी नेमकी त्याच सुमारास येते. त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये घाबरून कागद भरणं मला बहुतेक वर्षी चुकीचं वाटतं. पैसे चार-पाच महिने अडकतात. महिन्याला एक टक्का व्याज धरलं तरी ऐंशीच्या कागदावर पाच महिन्यांत चार रुपये किलोला गेले. शिवाय पावसाळा. सांगलीच्या ओल्या हवेत रिमचं वेष्टण फाटलं की कडा पाणी पितात, कागदाला लाट येते आणि मशिनवर रजिस्टर जुळत नाही, म्हणजे रंग एकमेकांवर नेमके बसत नाहीत. घ्यायचाच असेल तर जुलैत दर पक्का करा, थोडी आगाऊ रक्कम द्या आणि माल डीलरच्याच गोडाऊनात राहू द्या. २०२२ सारखं वर्ष आलं तर हा सल्ला फसेल, पण तशी वर्षं रोज येत नाहीत.

माल आला की एक तपासणी स्वतः करा. मधल्या एखाद्या रिममधून वेगवेगळे दहा ताव काढा, प्रत्येकातून दहा बाय दहा सेंटिमीटरचा नेमका चौकोन कापा आणि दहाही तुकडे सोनाराच्या काट्यावर एकत्र ठेवा. सत्तर जीएसएमचा कागद असेल तर सात ग्रॅम भरायला हवेत. पावणेसातपर्यंत समजू शकतो, हवेतल्या ओलीने आणि मिलच्या ठरलेल्या फरकाने तेवढं इकडेतिकडे होतं. साडेसहा भरले तर तुम्ही पासष्टचा कागद घेतलाय. वजनावर पैसे दिले असतील तर नुकसान नाही, पण रिमवर दिले असतील तर सात टक्के गेले. माझ्या पाहण्यात छोट्या प्रकाशकांचे पैसे इथेच जास्त जातात, कारण छापखान्याचं बिल रिमवर असतं आणि वजन कुणी विचारत नाही. पुढच्या कोटेशनमध्ये मिलचं नाव, जीएसएम, रिमचं वजन आणि कराआधीचा किलोचा दर असे चार रकाने मागून घ्या. ते आले की इथे टाका, दर वाजवी आहे की नाही ते मग नेमकं सांगता येईल.